गुलामगिरी संपली, मग समिती कशाला? १८६५ सालच्या दोन मित्रांचा वाद

गेल्या महिन्यात आमच्या गायरान हक्क समितीच्या बैठकीत दोन जुने सहकारी एकमेकांवर इतके चिडले की एकजण चहा न घेताच उठून गेला. नवे अध्यक्ष आले, त्यांनी पहिल्याच आठवड्यात भर सभेत "कसत असलेल्याची जमीन त्याच्या नावावर करू" असे जाहीर केले, वर्तमानपत्रात हार घातलेला फोटो आला. त्यावर आमच्यातला एक म्हणाला की आता समितीचे काम झाले, समारोपाचा कार्यक्रम घेऊ, नव्या माणसाला थोडा वेळ देऊ. दुसरा म्हणाला, सातबारा हातात पडेपर्यंत रजिस्टर बंद होणार नाही. दोघेही नामांतराच्या लढ्यात एकाच वेळी लाठ्या खाल्लेले. म्हणूनच आम्हाला वाईट वाटले.

बाहेरचे लोक लगेच म्हणतात, "आंबेडकरी चळवळीला भांडणाची सवयच आहे." हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. जणू दुसऱ्या कोणत्याही चळवळीत मित्र मित्राशी भांडलेच नाहीत! म्हणून आज एका जुन्या भांडणाविषयी लिहितो आहोत. ते अमेरिकेत झाले आणि त्याच्या मुळाशी नेमका हाच प्रश्न होता. नव्या सत्ताधाऱ्याच्या पहिल्या पावलांवर विश्वास ठेवायचा की नाही, आणि मुक्ती नेमकी कधी झाली असे म्हणायचे?

अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी चळवळीत विल्यम लॉइड गॅरिसन आणि वेंडेल फिलिप्स ही जोडी होती. गॅरिसन गरीब घरातला. लहानपणी छापखान्यात उमेदवारी केलेला, स्वतः खिळे जुळवणारा माणूस. १ जानेवारी १८३१ रोजी त्याने बोस्टनमध्ये 'लिबरेटर' हे साप्ताहिक सुरू केले आणि पस्तीस वर्षे चालवले. फिलिप्स त्याच्या अगदी उलट. बोस्टनच्या पहिल्या महापौराचा मुलगा, हार्वर्डचा वकील. त्या शहरातल्या अशा जुन्या श्रीमंत घराण्यांना अमेरिकन लोक आजही 'बोस्टन ब्राह्मण' म्हणतात. हा शब्द त्यांनी कुठून उचलला आणि नेमक्या कोणत्या अर्थाने उचलला, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १८३५ मध्ये बोस्टनच्या 'सभ्य' लोकांच्या जमावाने गॅरिसनला दोरीने बांधून रस्त्यावरून ओढले, ते फिलिप्सने पाहिले. दोन वर्षांनी इलायजा लव्हजॉय या संपादकाचा जमावाने खून केला, तेव्हा फॅन्यूइल हॉलमधल्या सभेत फिलिप्स उभा राहून बोलला आणि त्या दिवसापासून त्याच्या वर्गाची दारे त्याला बंद झाली. पुढची जवळपास तीन दशके हे दोघे एकाच व्यासपीठावर होते. संविधानात गुलामगिरीशी तडजोड आहे म्हणून मत द्यायचे नाही, पद घ्यायचे नाही, इथपर्यंत दोघे बरोबर गेले.

फूट पडली ती लिंकनवरून. यादवी युद्ध सुरू असताना १८६४ ची निवडणूक आली. गॅरिसन म्हणाला, लिंकन हळू चालतो, पण योग्य दिशेने चालतो, त्याला पाठिंबा द्या. फिलिप्स म्हणाला, हळू चालणाऱ्याला ढकलावेच लागते, आणि जो गुलामाला मुक्त करतो पण नागरिक करत नाही त्याच्यावर आमचा विश्वास नाही. दोघांनी एकमेकांविरुद्ध जाहीर सभांत भाषणे केली. आयुष्यभर सरकारविरुद्ध बोललेला गॅरिसन सरकारचे समर्थन करू लागला, हे अनेक जुन्या कार्यकर्त्यांना पचले नाही. आम्हाला मात्र त्याची अडचण समजते. तीस वर्षे ज्याच्या डोक्यावर इनाम लावले गेले, त्याला अखेर सत्तेच्या दारात मान मिळते, तेव्हा त्याला जिंकल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडेही अशी माणसे आहेत. ती सगळीच विकली गेलेली नसतात. काही फक्त थकलेली असतात.

१४ एप्रिल १८६५ च्या रात्री लिंकनला गोळी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेला आणि उपाध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने शपथ घेतली.

या जॉन्सनबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण खरा धडा त्याच्यात आहे. जॉन्सन जन्मला नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅले गावी, अत्यंत गरिबीत. शाळेची पायरी चढला नाही. शिंप्याकडे उमेदवारीला ठेवला होता, तिथून पळाला, टेनेसीत स्वतःचे शिवणाचे दुकान टाकले. लग्नानंतर बायकोने त्याला लिहिणे आणि हिशेब नीट शिकवले. दक्षिणेतल्या बड्या जमीनदारांचा त्याला मनापासून राग होता. दक्षिणेची राज्ये फुटून निघाली तेव्हा त्या राज्यांतला एकच सिनेटर संघराज्याच्या बाजूला राहिला, तो हा जॉन्सन. १८६४ मध्ये नॅशव्हिलमध्ये त्याने कृष्णवर्णीयांच्या जमावासमोर आपण त्यांचा मोझेस होऊ असे सांगितले होते. सत्तेवर येताच देशद्रोह्यांना शिक्षा झालीच पाहिजे असे तो ज्याला त्याला सांगत होता. जहाल रिपब्लिकन खूश झाले. लिंकन मवाळ होता, हा आपल्यातला आहे, हा जमीनदारांना सोडणार नाही!

सिनेटर चार्ल्स समनर हा सर्वांत जास्त फसला. समनर काही भोळा नव्हता. गुलामगिरीविरोधी भाषण केले म्हणून १८५६ मध्ये सिनेटच्या सभागृहातच त्याला काठीने बेशुद्ध पडेपर्यंत मारले होते. तो जॉन्सनला वारंवार भेटला, कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराबद्दल बोलला. जॉन्सन ऐकून घेत असे, मान डोलवत असे. समनरने मित्रांना कळवले की नव्या अध्यक्षाचे आणि आपले मत एकच आहे. मंत्रालयात साहेबाने निवेदन हातात घेऊन मान डोलावली म्हणजे काम झाले, असे गावी येऊन सांगणारे आपलेही कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत.

एका माणसाला मात्र शंका आली होती, आणि ती जॉन्सन अध्यक्ष होण्याआधीच. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून पळून आलेला. ४ मार्च १८६५ च्या शपथविधीला तो गर्दीत उभा होता. लिंकनने जॉन्सनला हलकेच स्पर्श करून डग्लसकडे बोट दाखवले. डग्लसने आत्मचरित्रात लिहिले आहे की त्या क्षणी जॉन्सनच्या चेहऱ्यावर आधी उमटली ती कडवट घृणा. आपल्याकडे कोणी पाहते आहे हे लक्षात आल्यावर त्याने चेहरा सावरला, पण उशीर झाला होता. हा माणूस कोणीही असो, आपल्या लोकांचा मित्र नाही, हे डग्लसने तिथेच ओळखले. समनरला अनेक भेटींत जे कळले नाही ते डग्लसला एका नजरेत कळले. का? कारण ती नजर डग्लस जन्मापासून ओळखत होता. चहाचा कप वेगळा ठेवणारा माणूस तोंडाने कितीही गोड बोलला तरी त्याचा हात कुठे थबकतो ते आपल्याला दिसतेच.

आता त्या भांडणाकडे येऊ. १८६५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्थेचे वार्षिक अधिवेशन भरले. जॉन्सनला सत्तेवर येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. गॅरिसन बावीस वर्षे या संस्थेचा अध्यक्ष होता. त्यानेच प्रस्ताव मांडला की संस्था बरखास्त करावी. गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती काँग्रेसने जानेवारीत मंजूर केली आहे, राज्यांची मान्यता ही आता औपचारिकता आहे. जे ध्येय घेऊन संस्था स्थापन झाली ते साध्य झाले. मताधिकार, शिक्षण यांसाठी आता सगळा देशच काम करील, आपण वेगळे कशाला राहायचे? गॅरिसनचा युक्तिवाद वाईट नव्हता. विरोध करण्यासाठीच विरोध करत राहणाऱ्या संस्था पुढे फक्त लेटरहेडपुरत्या उरतात, हे आपण पाहतोच.

फिलिप्सने विरोध केला. दुरुस्तीला अजून पुरेशा राज्यांची मान्यता मिळालेली नाही, आणि मिळाली तरी जुने मालक परत सत्तेत बसले तर कागदाचा उपयोग काय? डग्लस तर त्याहून पुढे गेला. त्याचे म्हणणे असे की काळ्या माणसाच्या हाती मतपत्रिका येईपर्यंत गुलामगिरी संपलेली नाही. दक्षिणेतली विधिमंडळे त्याच्याविरुद्ध कायदे करू शकत असतील तर गुलामगिरी नवे नाव घेऊन परत येईल. या जुन्या सापाने यापूर्वीही अनेक नावे घेतली आहेत, पुढे तो कोणती कात घालून येतो ते पाहा, असा त्याचा इशारा होता.

मतदान झाले. बरखास्तीच्या बाजूने ४८, विरोधात ११८. गॅरिसनने पुन्हा अध्यक्ष होण्यास नकार दिला आणि फिलिप्स अध्यक्ष झाला. ज्याने आपल्याला चळवळीत आणले त्याच मित्राच्या खुर्चीवर बसणे फिलिप्सला सोपे गेले नसणार.

आणि तीन आठवड्यांच्या आत उत्तर मिळाले. २९ मे १८६५ रोजी जॉन्सनने दोन जाहीरनामे काढले. पहिल्याने बंडखोरांना निष्ठेची शपथ घेतली की माफी, आणि गुलाम सोडून बाकी सगळी मालमत्ता परत. बड्या पुढाऱ्यांना आणि वीस हजार डॉलरहून जास्त मालमत्ता असलेल्यांना मात्र अध्यक्षाकडे स्वतंत्र अर्ज करायचा होता. हे वाचून काहींना वाटले, पाहा, शिंप्याच्या पोराने जमीनदारांना दाराशी उभे केले! ते उभे राहिलेही. अर्ज आले आणि माफ्या हजारोंच्या संख्येने वाटल्या गेल्या. दुसरा जाहीरनामा नॉर्थ कॅरोलिनाच्या नव्या सरकारबद्दल होता. त्यात मतदार कोण? जे राज्य फुटून निघण्यापूर्वी मतदार होते ते. म्हणजे फक्त गोरे. या एका वाक्यात समनरच्या सगळ्या भेटी पाण्यात गेल्या.

तरीसुद्धा मित्रांचे भांडण मिटले नाही, हे विशेष. मवाळ रिपब्लिकन म्हणत होते की हा केवळ प्रयोग आहे, डिसेंबरमध्ये काँग्रेस भरेपर्यंत थांबू, आत्ताच अध्यक्षाशी वैर नको. थॅडियस स्टीव्हन्स हा पेनसिल्व्हेनियाचा म्हातारा खासदार थांबायला तयार नव्हता. त्याने जॉन्सनला पत्रे लिहिली, समनरला लिहिले की या माणसाला अडवायचा काही मार्ग आहे की नाही. सप्टेंबरमध्ये लँकेस्टरच्या सभेत त्याने थेट मागणी केली की बड्या बंडखोरांच्या जमिनी जप्त करा आणि प्रत्येक मुक्त प्रौढ पुरुषाला ४० एकर द्या. त्याच्या स्वतःच्या पक्षातले लोक यावर हादरले. गुलाम मुक्त करणे ठीक, पण जमीन? "मंदिरप्रवेशाला आमचा पाठिंबा आहे, पण गायरानाचे नाव काढू नका" म्हणणारे पुरोगामी आपल्या तालुक्यात कमी आहेत का?

जमिनीचा प्रश्न तेव्हा हवेतला नव्हता. जनरल शर्मनने जानेवारी १८६५ मध्ये आदेश काढून साउथ कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनारपट्टीची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखली होती. सुमारे चाळीस हजार लोक तिथे वस्ती करून पिके घेत होते. जॉन्सनने ती जमीन माफी मिळालेल्या जुन्या मालकांना परत करायला सुरुवात केली. ऑक्टोबरमध्ये जनरल हॉवर्ड हा युद्धात एक हात गमावलेला अधिकारी साउथ कॅरोलिनातल्या एडिस्टो बेटावर ही बातमी सांगायला गेला. चर्चमध्ये लोक खचाखच भरले होते. बातमी ऐकून इतका गोंधळ झाला की हॉवर्डला बोलता येईना. मग एका बाईने दुःखाचे भजन सुरू केले आणि सगळे तिच्यामागे गाऊ लागले. त्या लोकांनी समिती नेमली आणि हॉवर्डला आणि अध्यक्षाला पत्रे पाठवली. त्यांचा मुद्दा साधा होता. ज्याने आम्हाला झाडाला बांधून फटके मारले, आमच्या आईबहिणींना मारले, त्याला क्षमा करा असे तुम्ही सांगता, आणि आम्हाला जमीन न देता त्याच्याच शेतावर त्याच्याच अटीवर राबायला सांगता. मग आम्ही मुक्त कसे?

ही पत्रे आजही उपलब्ध आहेत. ती वाचताना आम्हाला आपल्या गायरानधारकांचे तहसीलला दिलेले अर्ज आठवले. १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी देशभर तुरुंग भरले, तेव्हाही प्रश्न हाच होता.

डग्लसने सांगितलेली नवी कात हिवाळ्यात दिसली. नोव्हेंबरमध्ये मिसिसिपीने आणि डिसेंबरमध्ये साउथ कॅरोलिनाने 'काळे कायदे' केले. मिसिसिपीत प्रत्येक काळ्या माणसाजवळ दरवर्षी जानेवारीत नोकरीचा लेखी पुरावा पाहिजे, नसेल तर तो भटक्या म्हणून गुन्हेगार. मुदत संपण्याआधी काम सोडले तर मजुरी बुडाली आणि अटक. शहराबाहेर जमीन भाड्याने घ्यायला बंदी. साउथ कॅरोलिनात काळ्या माणसाला शेतमजुरी आणि घरकाम सोडून कोणताही धंदा करायचा तर न्यायालयाचा परवाना आणि दरवर्षी दहापासून शंभर डॉलरपर्यंत फी. करारात मजुराला 'नोकर' आणि शेतकऱ्याला 'मालक' म्हणायचे, हेही कायद्यातच. कोणी कोणते काम करायचे हे जन्मावरून ठरवणारा कायदा! मनूला इंग्रजी येत असते तर त्याने दुरुस्ती सुचवली नसती.

फेब्रुवारी १८६६ मध्ये डग्लस आणि इतर कृष्णवर्णीय नेत्यांचे शिष्टमंडळ अध्यक्षाला भेटले. जॉन्सनने त्यांनाच लांबलचक भाषण ऐकवले. मी गुलाम विकत घेतले, पण विकला एकही नाही, असा आव आणला. पुढे म्हणाला की गरीब गोरा आणि काळा यांच्यात वैर आहे, काळ्याला मत दिले तर वंशयुद्ध होईल. डग्लसला उत्तर देऊ दिले नाही. शिष्टमंडळाने बाहेर येऊन वृत्तपत्रात उत्तर छापले. हे वैर मालकांनी गुलामीच्या काळात मुद्दाम पेरले, दोघांनाही दाबून ठेवता यावे म्हणून, मग त्याच वैराच्या आधारे आम्हाला मत का नाकारता?

बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध असमानता म्हटले ती जॉन्सनमध्ये जिवंत दिसते. वरच्यावर त्याचा राग खरा होता. पण खालचा माणूस बरोबरीला आला तर स्वतःकडे उरलेली एकमेव श्रीमंती, म्हणजे गोरेपण, जाईल ही भीती त्याहून खरी होती. ड्यू बॉइस यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात जॉन्सनवर एक पूर्ण प्रकरण याच अंगाने लिहिले आहे, गरीब गोऱ्याचे काय होते या शीर्षकाखाली. त्याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. "जमीनदाराचा शत्रू तो गुलामाचा मित्र" हे समीकरण समनरने मांडले आणि फसला. आपल्याकडे "तो ब्राह्मणविरोधी आहे, म्हणजे आपला" असे म्हणून किती वेळा फसलो, ते वाचकांनी आपापल्या तालुक्यापुरते मोजावे.

त्याच फेब्रुवारीत जॉन्सनने मुक्त गुलामांसाठीच्या मदत खात्याचे विधेयक नाकारले आणि तीन दिवसांनी जाहीर भाषणात देशाचे शत्रू म्हणून तीन नावे घेतली. स्टीव्हन्स, समनर आणि वेंडेल फिलिप्स. आता गॅरिसननेही जॉन्सनविरुद्ध तोफ डागली. मार्चमध्ये नागरी हक्क विधेयकही अध्यक्षाने नाकारले, ९ एप्रिल १८६६ रोजी काँग्रेसने त्याला डावलून ते मंजूर केले. १८६८ च्या महाभियोगात जॉन्सन एका मताने वाचला. पण एडिस्टोची जमीन परत आली नाही. "थोडा वेळ देऊ" म्हणून जे आठ महिने दिले गेले त्यात जुने मालक घरी परतले होते.

गॅरिसनला न्याय देण्यासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याने संस्था सोडली, पण मुक्त झालेल्यांच्या शाळांसाठी काम सोडले नाही. २९ डिसेंबर १८६५ ला 'लिबरेटर'चा शेवटचा अंक निघाला, तेराव्या दुरुस्तीची घोषणा होऊन अकराच दिवस झाले होते. पुढे एका जुन्या सहकाऱ्याने चळवळीसाठी ठेवलेल्या पैशांवरून दोघांत पुन्हा कडाका उडाला. फिलिप्सला ते मताधिकाराच्या प्रचाराला हवे होते, गॅरिसनला शिक्षणाला. फिलिप्सने संस्था १८७० मध्ये, पंधराव्या दुरुस्तीने मताधिकार दिल्यावरच बंद केली. तीही घाई झाली, असे आमचे मत आहे. १३ एप्रिल १८७३ ला लुईझियानातल्या कोलफॅक्स गावी डझनावारी काळ्या लोकांना ठार मारले, तेव्हा ही संस्था नव्हती.

त्याच १८७३ साली इकडे पुण्यात जोतीराव फुले 'गुलामगिरी' छापत होते आणि ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. त्या लोकांत गॅरिसन आला, फिलिप्स आला, डग्लसही आला. ते आपापसांत भांडले होते म्हणून अर्पणपत्रिकेचे मोल कमी होत नाही. १८७९ मध्ये गॅरिसन वारला तेव्हा अंत्यसंस्कारात त्याच्याबद्दल बोलायला फिलिप्स उभा राहिला.

हे सगळे आम्ही गेल्या रविवारी दोन्ही मित्रांना वेगवेगळे भेटून सांगितले. पहिला म्हणाला, म्हणजे तुम्ही मला गॅरिसन ठरवले. आम्ही म्हटले, दादा, गॅरिसन होणे सोपे नाही, त्याला पस्तीस वर्षे पेपर चालवावा लागला. तो हसला आणि पुढच्या बैठकीला येतो म्हणाला. समितीच्या रजिस्टरमध्ये सत्तेचाळीस घरे आहेत. घोषणेला दीड महिना झाला, तलाठ्याकडे अजून एकाही घराचा फेरफार लागलेला नाही.